नऊ-नऊ-नव्व्याण्णव

मोबाईल इथंच ठेवा. तिथं त्याला रेंज मिळणार नाही, आणि गेटवरचा वॉचमन साधी फ्लॉपीसुद्धा आत नेऊ देत नाही. हा फोन काय आहे, हे समजावण्यात तुमचा अर्धा तास जाईल. खिशात सुटे पैसे असू द्या, पण गांधीजींचा चष्मा छापलेल्या नव्या नोटा काढून ठेवा. हिंजवडीच्या रस्त्यावर कंपनीच्या बसमध्ये बसल्याबसल्या निघालात तरी चालेल. नाहीतरी पुढचा पाऊण तास बस कुठं हलत नाही.

गुरुवार, ९ सप्टेंबर १९९९. सकाळचे पावणेनऊ. पुणे स्टेशन.

पहिल्यांदा जाणवतो तो धूर. टू-स्ट्रोक रिक्षा, बजाज चेतक, लुना आणि पीएमटीची लाल बस, सगळे मिळून ओढतायत आणि सोडतायत. पाऊस आत्ताच पडून गेलाय. समोरच्या भिंतीवर कुणीतरी निळ्या रंगात भलंमोठं घड्याळ रंगवलंय, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर. पुढच्या भिंतीवर पुन्हा घड्याळ. लोकसभा आणि विधानसभा एकत्र लढवली जातेय, आणि जूनमध्ये जन्मलेल्या राष्ट्रवादी काँग्रेसला चिन्ह मिळालंय घड्याळ. ज्या वर्षी सगळं जग तारखेच्या भीतीनं धास्तावलंय, त्याच वर्षी महाराष्ट्राच्या भिंतीभिंतींवर घड्याळ यावं, हा योगायोग कुठल्याही ज्योतिषाला सुचला नव्हता.

चहाच्या टपरीवर ‘कालनिर्णय’ लटकतंय. आज श्रावणी अमावास्या, पोळा. चार दिवसांनी गणपती. टपरीवाल्याच्या हातात वर्तमानपत्र आहे आणि त्यात आजच्या तारखेची बातमी आहे: आज जगभरचे कॉम्प्युटर बंद पडू शकतात. ‘त्यात पुन्हा अमोशा,’ असं तो म्हणतो आणि आलं किसायला लागतो. गेल्याच महिन्यात खग्रास सूर्यग्रहण झालं, तेव्हाही जग बुडणार होतं.

तुम्हाला माहितेय, आज काहीही होणार नाही. ३१ डिसेंबरलाही फारसं काही होणार नाही. हे मनातच ठेवा. एक तर कुणी विश्वास ठेवणार नाही; आणि ठेवला, तर काम थांबेल, आणि मग मात्र नक्की होईल.

बंडगार्डन रस्त्याला लागा. पेशवे दफ्तराची दगडी इमारत इथंच आहे. तिच्या आत मोडीतल्या कागदांचे रुमाल शेल्फांवर रचलेत. गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ खंड छापले तरी बहुतेक कागद अजून बांधलेलेच आहेत. ही इमारत लक्षात असू द्या. तुम्ही जाताय ते ऑफिस तिथून फार लांब नाही, आणि तिथलं कामही.

ऑफिस भाड्याच्या इमारतीत आहे. तळमजल्यावर बँक, वर तीन मजले कंपनीचे. कंपनीचं नाव सांगत नाही. अशा बऱ्याच आहेत, आणि आतून त्या सारख्याच दिसतात. रजिस्टरवर सही करा, वेळ लिहा. वॉचमन डबा उघडून बघतो. डब्यात फ्लॉपी नाही, भेंडीची भाजी आहे. जा वर.

कंपनी मोठी आहे म्हणजे किती मोठी, हे आत आल्यावर कळत नाही. तुमचा एम्प्लॉयी नंबर पाच आकडी आहे आणि तुम्हाला नावानं ओळखणारे लोक दहा-बारा. मोठ्या कंपनीचा हा पहिला अनुभव, आणि तो हिंजवडीतल्या तुमच्या बसमधल्या लोकांनाही अगदी असाच येतो. भिंतीवर गुणवत्तेची बॅनर्स आहेत, आयएसओ आणि सीएमएम लेव्हल फाइव्हची. कोपऱ्यात रबरप्लांट. सर्व्हर रूमच्या दाराशी चपलांची रांग, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही असं सगळ्यांना शिकवलंय आणि ते देवघराच्या सवयीत सहज बसलंय.

टीम लीडर सत्ताविशीची आहे. ‘मॅडम’ म्हटलंत तर हसेल. इथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. हे अमेरिकेहून आलंय, आणि घरी गेल्यावर वडिलांना फार विचित्र वाटतं. ती तुम्हाला एका टर्मिनलपाशी बसवते, हातात कागदांचा गठ्ठा देते.

‘हे अठरा प्रोग्रॅम तुझे. इम्पॅक्ट अॅनालिसिस झालंय, पिवळं मार्क केलंय ते बदलायचं. पिवळं नाही ते बदलायचं नाही. दिसलं तरी बदलायचं नाही. आधी मला विचार.’

हे शेवटचं वाक्य नीट ऐका. पुढचं सगळं त्यातच आहे.

क्लायंट कनेक्टिकटमधली विमा कंपनी आहे. तिचं मेनफ्रेम तिकडंच. इथं फक्त पडदा आणि की-बोर्ड. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. तुम्ही एंटर दाबता, आणि पडद्यावर भरलेला मजकूर उपग्रहावर जाऊन अमेरिकेत उतरतो, उत्तर घेऊन परत येतो. ६४ केबीपीएसची एक लाईन आणि तिच्यावर अख्खा मजला. उत्तर येईपर्यंत पडद्याच्या तळाशी एक फुली दिसते आणि फुलीशेजारी चिमुकलं घड्याळ. ही खूण दिसतेय तोवर की-बोर्ड मेलेला. दिवसाकाठी तुम्ही या घड्याळाकडे जितकं बघाल तितकं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणार नाही. सरावलेली मंडळी तेवढ्यात नखं कापतात, टाइमशीट भरतात. टाइमशीट अर्ध्या अर्ध्या तासाची असते आणि तिच्यात ‘वाट बघणे’ असा रकाना नाही.

पहिला प्रोग्रॅम उघडा. कोबोल. वर तारांकित ओळींत लिहिलंय: लिहिणाऱ्याची आद्याक्षरं, आणि मार्च ७४. पुढं सात-आठ जणांनी वेळोवेळी हात लावल्याच्या नोंदी. कुणी का बदललं ते लिहिलंय, कुणी नुसतीच तारीख टाकलीय. एकानं तीस ओळी बंद करून ठेवल्यात, काढल्या नाहीत. कदाचित पुन्हा लागतील म्हणून. यातले किती निवृत्त झाले, किती गेले, कुणास ठाऊक. दफ्तरातल्या रुमालासारखं आहे हे. हुकूम कुणाचा, कारकून कोण, हे अदमासानं लावायचं, आणि मजकूर मात्र अजून लागू आहे, कारण याच ओळींवर आज रात्री तिकडच्या कुणाच्या तरी घराच्या विम्याचा हप्ता ठरणार आहे. मोडी वाचणाऱ्यांना निदान प्रबंध तरी लिहिता येतो.

आता पिवळी ओळ बघा.

एक विमा ९९ साली सुरू होतो, पाच वर्षांनी ०४ साली संपतो. मुदत किती, हे काढायला प्रोग्रॅम संपण्याच्या सालातून सुरू होण्याचं साल वजा करतो. ९९ उणे ९४ असे वर्षानुवर्षं बरोबर ५ येत आले. आता ०४ उणे ९९. उत्तर उणे ९५. पण मुदत ठेवायला जी जागा केलीय ती दोन आकड्यांची आहे, चिन्हाला जागाच नाही. मुदत उणे असेल हे ७४ साली कुणाच्या डोक्यात येणार? म्हणून उणे गळून पडतं आणि उरतात ९५. पाच वर्षांचा विमा पंच्याण्णव वर्षांचा झाला. प्रोग्रॅम बिनदिक्कत दरांच्या कोष्टकात पंच्याण्णवावी ओळ शोधायला जातो. कोष्टक तीस ओळींचं. त्याच्या पलीकडं मेमरीत जे काय पडलंय ते तो दर समजून उचलतो, गुणाकार करायला जातो, आणि तो आकडाच नाही म्हणून मशीन काम टाकून देतं. पडद्यावर कोड येतो. इथली मंडळी त्याला ‘सॉक-सेव्हन’ म्हणतात. पलीकडच्या रांगेतून कुणी नुसतं ‘सॉक-सेव्हन!’ असं ओरडलं की आख्खी रांग सहानुभूतीनं मान हलवते.

आणि ही त्यातल्या त्यात चांगली गत. मशीन थांबलं तर कळतं तरी. कोष्टकापलीकडं योगायोगानं आकडाच सापडला, तर हिशोब पुढं जातो, चुकीचा हप्ता छापला जातो, पाकिटात घातला जातो, आणि कुणाला काही कळत नाही.

मग दुरुस्ती. सोपी युक्ती अशी: दोन आकडे ५० पेक्षा लहान असतील तर मागं २० समजायचं, नाहीतर १९. याला ‘विंडोइंग’ म्हणतात. डेटा जसाच्या तसा राहतो, चार ओळींत काम होतं. पण याच विमा कंपनीच्या यादीत १९०७ साली जन्मलेली एक बाई आहे. विंडोइंग केलं तर ती अजून आठ वर्षांनी जन्माला येणार. म्हणून जन्मतारखांना सरळ चार आकडे करायचे, म्हणजे नोंद दोन घरांनी लांब. आणि मग ती फाइल वाचणारे सगळेच प्रोग्रॅम बदलायचे, कारण दोन घरं सरकली की नावाच्या जागी पत्ता वाचला जातो. कुठं कोणती युक्ती हे ठरवणं म्हणजे अॅनालिसिस. पिवळं करणं म्हणजे तेच.

तुमच्या मागच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात, पन्नाशी उलटलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांना समोर नावानं हाक मारायची तर जीभ रेटत नाही, म्हणून सगळे ‘काका’ म्हणतात. ते मूळचे आयसीआयएमचे. १९६३ साली एक ब्रिटिश कंपनी पुण्यात कॉम्प्युटर बनवायला आली होती, हे तुमच्या बसमधल्या किती जणांना माहितेय? ती ही. याच वंशातली कंपनी पुढच्या वर्षी ‘झेन्सार’ नाव घेणार आहे, पण ते काकांना सांगू नका. काकांनी पंचकार्डं हाताळलीयत. ड्रॉवरमधून ते एक काढून दाखवतात, तांबूस पुठ्ठ्याचं, कडा झिजलेलं.

‘मोज. ऐंशी घरं. यात माणसाचं नाव, पत्ता, पॉलिसी नंबर, रक्कम, सगळं बसवायचं. आता सांग, १९ लिहायला दोन घरं कोण खर्च करील? आणि तुम्ही पोरं हसता त्या लोकांना. आपण काय करतो? बहात्तरचा दुष्काळ. एकसष्टचा पूर. पानशेत कुठल्या शतकात फुटलं असं विचारलंय कधी कुणी?’

सांगलीच्या वालचंद कॉलेजातून आलेला पोरगा म्हणतो, ‘काका, पण आपण त्याच्यावर व्याज नाही लावत.’

काका त्याच्याकडं बघतात आणि कार्ड परत ड्रॉवरमध्ये ठेवतात.

उजव्या हाताला भिंतीशी दोन टर्मिनलं वेगळी आहेत, वर कागद चिकटवलाय: ‘येथील तारीख खरी नाही. हात लावू नये.’ या पाटीचं अक्षर आणि स्वभाव दोन्ही पुणेरी. तिथं नाशिकची एक मुलगी बसते. तिच्या पडद्यावर आज मंगळवार आहे, २९ फेब्रुवारी २०००.

तुम्ही पंचवीसेक वर्षं मागं आलात याचं तुम्हाला मोठं अप्रूप वाटत असेल. ही मुलगी रोज सकाळी साडेनवाला पुढच्या सालात जाते आणि संध्याकाळी सहाला परत येते. त्याचा तिला पगार मिळतो. दुरुस्त केलेले प्रोग्रॅम टेस्टिंगच्या वेगळ्या मशीनवर चढवायचे, त्या मशीनचं कॅलेंडर पुढं ढकलायचं, आणि काय मोडतंय ते बघायचं. ३१ डिसेंबर ९९ची रात्र तिनं आतापर्यंत इतक्या वेळा काढलीय की खरी रात्र आल्यावर तिला कंटाळा येईल. २९ फेब्रुवारी वेगळा तपासायचा, कारण शंभरानं भाग जाणारं साल लीप नसतं, पण चारशेनं जाणारं असतं. अर्धवट शिकलेल्या प्रोग्रॅमरनं पहिला नियम घातला, दुसरा विसरला. गंमत अशी की ज्याला शंभराचा नियमही ठाऊक नव्हता, नुसतं चारनं भागून जो मोकळा झाला, त्याचा प्रोग्रॅम बरोबर चालतो.

तिला विचारा, पुढच्या काळात गेल्यावर सगळ्यात आधी काय होतं? ती सांगेल, पासवर्ड संपतो. तीस दिवसांनी पासवर्ड बदलायचा असा नियम. तुम्ही सहा महिने पुढं उडी मारली की मशीन म्हणतं, कोण तुम्ही? मग सॉफ्टवेअरची लायसन्स संपतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे, टेपांवर लिहिलेलं असतं की ही अमुक तारखेपर्यंत जपा. मशीनला वाटतं तारीख उलटली, आणि ते टेप मोकळी करायला घेतं. म्हणजे भविष्यात जायचं तर आधी भूतकाळाला कुलूप घालून जावं लागतं. हा धडा त्यांना इतर ठिकाणच्या अनुभवांवरून पाठवलेल्या एका चेकलिस्टमधून मिळाला. काळप्रवासावरच्या सिनेमावाल्यांना तो अजून मिळालेला नाही.

या मुलीनं मागच्या आठवड्यात रजेच्या अर्जावर २००० साल टाकलं होतं. एचआरनं अर्ज परत पाठवला.

आजच्या तारखेचं काय, असं तुम्ही तिला विचारता. ती हसते. नऊ-नऊ-नव्व्याण्णव म्हणजे चार नऊ, आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये चार नऊ म्हणजे ‘फाइल संपली’ अशी खूण असायची, म्हणून भीती. पण मशीनमध्ये आजची तारीख शून्य-नऊ-शून्य-नऊ-नऊ-नऊ अशी लिहितात. ही शून्यं वर्तमानपत्रांनी सोडून दिली. उलट दिवसांच्या क्रमानं तारीख लिहिणाऱ्या पद्धतीत ९ एप्रिलला नव्व्याण्णव सालचा नव्व्याण्णवावा दिवस होता. तोही गेला. त्या दिवशी कुणी अमावास्या बघितली नाही.

दुपारी डबे. सगळी टेबलं जोडली जातात आणि पहिल्या पाच मिनिटांत विषय येतो ‘ऑनसाइट’. कोण जाणार, कोणाची पिटिशन झाली, कोण मुंबईला अमेरिकन वकिलातीच्या रांगेत पहाटेपासून उभा राहून आला. अमेरिकेनं या वर्षी एचवन-बी व्हिसाची मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० केलीय, हा आकडा इथं मुंजीतल्या मुलालाही पाठ आहे. सांगलीच्या पोराचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. तिथं भोंगा वाजला की काम सुरू, भोंगा वाजला की बंद. सुटल्यावर माणूस आपला. पोराचा दीड वर्षाच्या नोकरीतला पगार वडिलांच्या शेवटच्या पगारापुढं गेलाय, आणि वडिलांना एकच कळत नाही: हा नक्की बनवतो काय? त्यांनी एकदा विचारलं, तर हा म्हणाला, ‘दोनाचे चार करतो.’ वडील चपापले. त्याला आकडे म्हणायचे होते.

टेल्कोत काम करणारा रस्त्यावरच्या ट्रककडं बोट दाखवू शकत होता. अॅसेम्ब्ली लाईनवर एकच बोल्ट आवळला असेल, पण ट्रक पुढं जाताना दिसायचा. इथं तुम्ही आवळलेला बोल्ट पाहायला ज्याला जायचंय त्याला व्हिसा लागतो, आणि गेला तरी दिसत नाही. मी या धंद्यातल्या बऱ्याच माणसांशी बोललो आहे. कामाचे तास, रात्रीचे कॉल, बॉस, या सगळ्याबद्दल ते तक्रार करतात, पण मनातली बोच बहुतेकदा ही असते.

संध्याकाळी सात वाजता कॉल. कनेक्टिकटमध्ये सकाळचे साडेनऊ. मधलं अंतर साडेनऊ तासांचं. तो अर्धा तास तिकडच्या लोकांना काही केल्या लक्षात राहत नाही, त्यामुळं कॉल कधी साडेसहाला येतो, कधी साडेसातला. टीम लीडर स्पीकरफोनपाशी वाकून बसते. तिचा आवाज बदलतो, शब्दांतले ‘र’ थोडे वळतात. पलीकडची बाई वयस्क असावी, आवाज खरखरीत. ती तुमच्या अठरा प्रोग्रॅमांपैकी एकाचं नाव घेते आणि म्हणते, तो सांभाळून, त्यात शेवटी एक परिच्छेद आहे तो काही कामाचा वाटत नाही, पण काढू नका. काढला तर तिमाही अहवाल येत नाही, आणि का ते मलाही माहीत नाही, मी ८१ पासून इथं आहे.

सकाळचं वाक्य आठवलं? पिवळं नाही ते बदलायचं नाही.

कॉल संपतो तेव्हा साडेआठ झालेले असतात. सांगलीचा पोरगा तुम्हाला स्प्लेंडरवर मागं घेतो. डेक्कनला मुठेच्या पात्रात ढोल-ताशांची तालीम चालू आहे. आपल्याच टीममधला एक जण तिथं कमरेला ढोल बांधून उभा दिसतो. दुपारी तो दोन तास एका स्वल्पविरामाच्या मागं होता. इथं टिपरू पडलं की निदान आवाज येतो.

आता पुढं चला. सप्टेंबर ते डिसेंबर सगळं सारखंच आहे. अमेरिकेची घड्याळं एक तास मागं गेली, म्हणजे अंतर साडेदहा तास झालं, एवढाच फरक.

शुक्रवार, ३१ डिसेंबर १९९९. रात्रपाळी.

गच्चीवर जनरेटरला डिझेलचे जादा बॅरल. पॅन्ट्रीत पाण्याचे कॅन. अॅडमिननं रोख रक्कम काढून ठेवलीय, कारण बँका बंद पडल्या तर. तळमजल्यावरची बँक नेमका हाच विचार करत दिवसभर गर्दी उपसत होती. कॅन्टीनमधला टीव्ही वर आणलाय. दुपारी साडेचारला न्यूझीलंड २००० सालात गेलं. दिवे चालू राहिले. साडेसहाला सिडनीत आतषबाजी झाली. साडेआठला टोकियो. प्रत्येक वेळी काका डोळे बारीक करून आतषबाजीच्या मागचे इमारतींचे दिवे बघतात.

बारा वाजता महात्मा गांधी रोडवरचा कल्ला खिडक्या बंद असूनही ऐकू येतो. केक कापतात. नाशिकची मुलगी घरी फोन लावते, लाईन लागत नाही, एक क्षणभर सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, मग लागते. सगळा देश एकाच वेळी फोन लावतोय, एवढंच.

आणि मग तुमच्या ध्यानात येतं की ही पाळी आत्ता कुठं सुरू होतेय. तुमचा क्लायंट अजून १९९९ सालातल्या निवांत शुक्रवारच्या दुपारी आहे, दीड वाजलाय तिथं. त्याचं २००० साल पुण्यात उगवणार शनिवारी सकाळी साडेदहाला. रात्रभर जागायचं ते बारासाठी नाही, साडेदहासाठी. दोन वाजता सगळे टेबलावर डोकी ठेवतात. चारला सांगलीचा पोरगा भुर्जी-पाव घेऊन येतो, कुठून ते सांगत नाही. सातला सफाईवाली मावशी येते, झोपलेल्या माणसांभोवतीनं झाडते.

साडेदहा. पडद्याच्या तळाशी फुली आणि घड्याळ. कुणी बोलत नाही.

घड्याळ जातं. तारीख आलेली आहे, साल बरोबर आहे. मग रात्रीची बॅच सुरू होते, एकेक जॉब संपल्याचा शून्य कोड येत राहतो. तुमचे अठरा प्रोग्रॅम दुपारी एकच्या सुमाराला धावतात. तुमचं नाव कुठंच येत नाही, फक्त शून्य. एकाही ठिकाणी सॉक-सेव्हन नाही. दोनला टीम लीडर म्हणते, निघा आता.

बाकीच्या जगात किरकोळ गोष्टी घडल्या. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेनं, म्हणजे ज्यांनी त्या देशाची वेळ सांगायची त्यांनीच, आपल्या संकेतस्थळावर साल ‘१९१००’ दाखवलं. टीव्हीवर त्याचं हसू झालं. सोमवारपासून अग्रलेख यायला लागले: एवढा पैसा कशासाठी? फुगवलेली भीती, बागुलबुवा, धंदा. तुमच्या इमारतीतल्या लिफ्टमध्येही बँकेतला कारकून विचारतो, ‘काय हो, कुठं काय झालं तुमच्या त्या वायटूकेचं?’

त्याला शेफिल्डची गोष्ट सांगता येणार नाही, कारण ती अजून कुणालाच कळलेली नाही. इंग्लंडमधल्या त्या गावच्या प्रयोगशाळेत गरोदर बायकांच्या रक्ताची तपासणी होते, डाऊन सिंड्रोमची शक्यता काढायला. त्या हिशोबात आईचं वय लागतं. वय काढायचं म्हणजे आजच्या सालातून जन्माचं साल वजा करायचं. तिथला प्रोग्रॅम दुरुस्त झाला नव्हता. तो थांबला नाही, ओरडला नाही. चुकीचं वय काढून उत्तरं छापत राहिला. दीडशेहून अधिक बायकांना चुकीची उत्तरं गेली, आणि काही महिन्यांनी एका आरोग्यसेविकेला शंका आली तेव्हा कुठं उघडकीला आलं. तुमच्या पिवळ्या ओळीतली वजाबाकी आणि ही, एकच.

मला विचाराल तर खर्चात फुगवटा होता. कागदावर भरपूर काम दाखवलं गेलं, सल्लागारांनी हात धुऊन घेतले, कंपन्यांनी नुकतेच भरती झालेले पोरगे ‘तीन वर्षांचा अनुभव’ म्हणून विकले. पण बंडगार्डन रस्त्यावरच्या त्या मजल्यावर जे झालं ते खोटं नव्हतं. न पडलेल्या पुलाचा अहवाल कुणी मागत नाही म्हणून तो पूल फुकट बांधला असं होत नाही.

एप्रिलमध्ये अप्रेझल. मार्चमध्ये नॅसडॅक शिखरावर जाऊन घसरायला लागलेला आहे, पण त्याचा अर्थ इथपर्यंत अजून पोचलेला नाही. तुमच्या हातात फॉर्म येतो. तिसरा रकाना: या वर्षात तुमच्या कामाचा ठळक परिणाम काय झाला, उदाहरणासह लिहा. सगळी टीम पेनं चावतेय. सांगलीच्या पोरानं लिहिलंय, ‘प्रोजेक्ट वेळेत पूर्ण.’ नाशिकच्या मुलीनं पानभर टेस्ट केसेसचे आकडे भरलेत. काका दोन पेनांपैकी एक निवडतात आणि लिहितात, ‘काहीही झाले नाही.’ त्याखाली सही, आणि तारीख, चार आकडी सालासह.

एचआरची मुलगी फॉर्म परत घेऊन येते. ‘काका, इथं काहीतरी पॉझिटिव्ह लिहा ना.’

‘हेच पॉझिटिव्ह आहे.’

काकांना ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’ मिळतं. तुम्हालाही. अठरा प्रोग्रॅमांपैकी अकरांत तुम्ही विंडोइंग केलंय, पन्नासच्या हिशोबानं. २०५० साली ते पुन्हा चुकतील, पण ते कुणाच्या फॉर्मवर येत नाही. टीम लीडर सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावते. फळ्यावर तिनं एक नवी तारीख लिहिलीय: १ जानेवारी २००२. युरोच्या नोटा त्या दिवशी बाजारात येणार, आणि तिकडं बारा देशांची जुनी चलनं जातील. बेल्जियममधली एक बँक आहे. कोबोलच आहे.

‘दशांशाचा प्रश्न आहे,’ ती म्हणते. ‘इटलीच्या लिऱ्याला व्यवहारात दशांश नाहीच. रकमेच्या प्रत्येक घराला हात लावावा लागेल. पिवळं करायला सोमवारपासून सुरुवात.’